लॉकडाऊनमधली 'घरची शाळा' म्हणजे होमस्कूलिंग? काहीही!

तिरपागडं:
काल एका पालकांनी ठोकून दिलंय: "लॉकडाऊनने सिद्ध केलं की शाळेची गरजच नाही. पोळ्या लाटता लाटता आमचा मुलगा अपूर्णांक शिकला. आता घरीच शिकवतोय, तुम्हीही शिकवा." खाली नुसती वाहवा. तिथे एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, जून २०२० पासून आपल्या घरोघरी जे चाललं ती शाळाच होती, बाक सोडून सगळी. वेळापत्रक त्यांचं, गृहपाठ त्यांचा, फक्त हजेरी घेताना "बाई, आवाज येत नाही". हौसेने मुलांना शाळेबाहेर शिकवणारी घरं पुण्या-मुंबईत कोरोनाच्या आधीपासून आहेत. त्यांची पोरं दिवसभर बाहेर असतात: मैदानावर, तालमीला, कुणाच्या तरी शेतावर. २०२०मध्ये तीही कोंडलीच गेली की!

आमची लेक तेव्हा दुसरीत. मी कॉलवर, बायको कॉलवर, आणि हिचा तास माझ्या जुन्या फोनवर, पोह्याच्या डब्याला टेकवून. वर गणवेशाचा शर्ट, खाली घरची चड्डी. बाईंनी "चला, बाय" म्हटलं तरी ही फोन सोडायची नाही, कारण बाई मीटिंग बंद करेपर्यंत जो काय मिनिटभर मिळायचा त्यात मुली एकमेकींना दात पडलेले दाखवायच्या. तिची शाळा तेवढीच उरली होती. आणि म्हणे गरज नाही!

उंटावरचा शहाणा:
ते पालक मीच. माझं म्हणणं नीट वाचा. तास घरात आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाच तासांच्या शाळेत शिकवणं किती असतं आणि "गप्प बसा" किती. आमचा दिवसाचा अभ्यास दीड तासात उरकायचा, उरलेल्या वेळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या अभ्यासावरची मालिका बघायचो. शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पाचवी-आठवीला राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, दहावीला शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. अडतंय कुठे?

नाशिककर आई:
पोळ्या कोण लाटत होतं?

उंटावरचा शहाणा:
बायको. पण अपूर्णांक मी शिकवले.

नाशिककर आई:
एवढंच ऐकायचं होतं. चालू द्या.

फीग्रस्त:
मूळ मुद्दा सगळे विसरताहेत. फी! शाळेला कुलूप, तरी संगणक कक्ष, ग्रंथालय, स्नेहसंमेलन सगळ्याचे पैसे घेतले. १५ टक्के कपातीचा जीआर निघाला ऑगस्ट २०२१मध्ये, तोवर आम्ही दोन वर्षांची भरून मोकळे. आमच्या शाळेने तर "विषय न्यायप्रविष्ट आहे" म्हणून हात वर केले. आणि मास्तर लोक घरी बसून फुकटचा पगार खात होते.

खडूफळा:
फुकटचा? मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. मे महिन्याच्या उन्हात तपासणी नाक्यावर उभा होतो, गाड्यांचे नंबर लिहीत. आमच्याच वर्गात विलगीकरण कक्ष, फळ्यावर माझ्या अक्षरात कविता आणि खाली मुंबईहून आलेल्यांच्या गाद्या. पुढे वाडीत ओट्यावर चार-चार पोरं बसवून शिकवलं, कारण घरात स्मार्टफोन असला तरी तो बापाबरोबर कामावर जायचा. बायको विनाअनुदानित शाळेत, तिला वर्षभर अर्धा पगार. तुमची पूर्ण फी कुठे गेली ते संस्थाचालकाला विचारा, मास्तरला नको.

फीग्रस्त:
तुमच्यासारखे अपवाद असतात. आमच्याकडचे सर रोज यूट्यूबची लिंक टाकून गायब.

खडूफळा:
अपवाद? नाक्यावर काय मी एकटाच उभा होतो? आणि चांगलं दिसलं की अपवाद, वाईट दिसलं की "मास्तर लोक"! वा!

फीग्रस्त:
बरं बाबा, तुम्ही थोर. फुकटचा पगार हे शब्द मागे. लिंकवाल्या सरांपुरते मात्र ठेवतो.

तिरपागडं:
फीचा वेगळा धागा काढा राव.

खडूफळा:
मूळ विषयावर एकच. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत, पाचवीत असून दुसरीचा धडा वाचता येणारी मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ला ५०.५ टक्के होती, २०२२ला ४२.८. ज्यांच्या घरी अपूर्णांक शिकवायला कुणी नव्हतं, त्यांची ही गोष्ट. शहाणेसाहेब, तुमच्या पोळीचे चतकोर झाले, आमच्याकडे चौथीतली पोरं जोडाक्षर विसरून परत आली.

उंटावरचा शहाणा:
मी माझ्या घराबद्दल लिहिलं होतं, देशाचा ठेका घेतला नव्हता. "तुम्हीही करा" हे जरा सुटलं हातातून, मान्य. पण शाळा उघडल्यावर मुलगा परत गेला, महिनाभर रोज सकाळी पोटात दुखायचं. घरी ठेवला, थांबलं. ते कुठल्या टक्क्यात बसवू?

तिरपागडं:
हे आधी लिहिलं असतंत तर धागाच काढला नसता. तुमच्या पोराचं पोट दुखत होतं म्हणून माझ्या पोरीला शाळा नको, हे मात्र अजूनही पटत नाही.

नाशिककर आई:
शहाणेभाऊ, खोचक नाही, खरंच विचारतेय. माझ्या भाचीला नववीनंतर शाळा सोडायचीय. १७ नंबरला मूळ दाखला लागतो ना?

उंटावरचा शहाणा:
हो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आधार, फोटो. ऑनलाइन भरायचा. मुदतीआधी भरा, नंतर विलंब शुल्क पडतं.

फीग्रस्त:
बघा, तिथेही शुल्क!