संथ, जाडजूड कादंबरी : तडीस न्यायची की मध्येच ठेवून द्यायची?

अंबाजोगाईकर

आमच्या वाचक मंडळानं यंदा भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ वाचायला घेतली आहे. २०१० साली आलेली, सहाशे पानांची. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो आपल्या मोरगावला परत निघतो. घटना म्हणाल तर एवढीच. बाकी सगळा पसारा घराण्याचा, गावाचा, जातीपातींचा, आठवणींचा. मंडळातले बरेच जण पहिल्या दीडशे पानांतच अडकलेत आणि ते बोलून दाखवायला लाजतायत. म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं सरळ आहे. कादंबरी धरून ठेवत नसेल तर ती खाली ठेवायचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरला म्हणून कुणी कच्चा वाचक ठरत नाही. ‘हिंदू’ मी पूर्ण वाचली आहे, ती मला मनापासून आवडली आहे, आणि तरीही मी हे म्हणतोय.

आपल्या मराठवाड्यात वाचायची शिस्त पोथीतून आली. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण मांडलं की सात दिवसांत अठरा अध्याय झालेच पाहिजेत, मध्ये उठायचं नाही. हे लहानपणापासून बघितल्यामुळं उघडलेलं पुस्तक अर्धवट ठेवणं आपल्याला पाप वाटतं. पण पारायणामागं श्रद्धा असते, शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली माणसं असतात, शेवटी काल्याचं कीर्तन असतं. कादंबरीकाराला यातलं काहीच उसनं मिळत नाही. त्याच्याकडं फक्त वाक्यं असतात. ती वाक्यंच वाचकाला बसवून ठेवत नसतील तर त्यानं निष्ठा तरी कुणाशी राखायची?

दुसरं, पुरस्काराचं दडपण. नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं आणि त्यानंतर ‘मला ही झेपली नाही’ असं चारचौघांत म्हणणं अवघड होऊन बसलं. पुस्तक घरात येतं, कपाटात दर्शनी भागात बसतं, त्याविषयी खरं कुणीच बोलत नाही. यात लेखकाचंच नुकसान आहे. जो शंभर पानांवर प्रामाणिकपणे थांबला तो कधीतरी परत येईल. जो ओळी गाळत, पानं उलटत शेवटाला पोचला तो कशाला येईल? त्याच्या लेखी ती वाचून झालेली असते.

पूर्णाकाठ (जि. परभणी)

सर, तुमचा मान राखून सांगतो, हे मला पटलं नाही.

थांबायचा अधिकार कुणी काढून घेतलाय? प्रश्न हा आहे की माणूस थांबायलाय कशामुळं. पुस्तक रटाळ आहे म्हणून थांबला तर ठीक. पण आमच्या गावात मी बघतो, मोबाईलवर बोटानं एक सरकवलं की दुसरं येतं, त्याची सवय लागलीय. त्या सवयीला कुठलीच कादंबरी पुरी पडणार नाही. मग दोष पुस्तकाला कशाला द्यायचा?

मी शेतकरी माणूस. रब्बीत लाईट रात्रपाळीची आली की मोटार चालू करून गव्हात थांबावंच लागतं. दांड फुटला का, वाफा भरला का, एवढंच बघायचं असतं. दोन वाफ्यांच्या मधल्या वेळात डोक्याला बॅटरी बांधून मी ही कादंबरी वाचायलो. उजेडाला किडे पानावर येऊन बसतात, फुंकर मारायची नि पुढं वाचायचं. पाणी कडंला आलं की पुस्तक मिटून खोरं घ्यायचं. परत आलो की जे पान उघडंल तिथून सुरू. या पुस्तकात तसं चालतंय. भाऊबंदकी, शेतीतली कामं, बायामाणसांची सुखदुःखं, म्हाताऱ्यांची बोलणी... कुठूनही शिरलं तरी आपण गावातच असतो. ते संथ आहे कारण गाव संथ आहे. हेच दोनशे पानांत आवळून बसवलं असतं तर मला खंडेरावची हकिगत कळली असती, मोरगाव कळलं नसतं.

आणि पारायणाचं म्हणाल तर, ज्ञानेश्वरी ऐकायला बसलेल्या माणसाला पुढं काय येणार हे ठाऊक असतं. तरी तो बसतो ना? म्हणजे ‘पुढं काय’ ही उत्सुकता हेच वाचायचं एकमेव कारण नाही. तुमच्या मंडळातले लोक तेवढंच शोधत असतील तर त्यांना हे पुस्तक जड जाणारच.

ग्रंथपाल, उदगीर

मी आमच्या तालुक्यातलं एक ‘ड’ वर्गातलं वाचनालय सांभाळते. वाचक कुठं थांबला हे मला त्याला विचारावं लागत नाही. जाड कादंबरी परत आली की मी ती आडवी धरून पानांची कड बघते. जिथपर्यंत वाचली गेली तिथपर्यंत कड मळकी आणि जराशी फुगलेली असते, तिथून पुढं कोरी. एखाद्या पुस्तकात ही रेघ वर्षानुवर्षं हलत नाही. एखाद्यात मात्र दर खेपेला थोडी पुढं सरकते, आणि तेव्हा मला फार बरं वाटतं.

पूर्णाकाठ दादा, तुमचं मोबाईलचं म्हणणं मला एकतर्फी वाटतं. माझ्याकडच्या बऱ्याच वाचक बाया आहेत. दुपारची भांडी आवरल्यापासून पोरं शाळेतून येईपर्यंत जो काय वेळ मिळेल तो त्यांचा. त्यातही कुणीतरी दार वाजवतं. खंडेरावचं घराणं लक्षात ठेवायला सलग वेळ लागतो, आणि तो नेमका त्यांना मिळत नाही. त्या थांबल्या तर त्यांची सवय बिघडली असं मी म्हणणार नाही. त्यात आमची परतीची मुदत पंधरा दिवसांची. सहाशे पानांना ती कशी पुरावी? म्हणून जाड पुस्तकावर मी मागितल्याशिवायच मुदत वाढवून देते.

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकी ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक नियम मी भिंतीवर लिहून लावलाय. पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नाशीच्या पुढं असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढी पानं पुरे. म्हणजे बहात्तर वर्षांच्या आजोबांना अठ्ठावीसच पानं. आमच्या ज्येष्ठ वाचकांना हा नियम फार आवडला. मला स्वतःला मात्र मोठ्या कादंबरीसाठी पन्नास पानं थोडी वाटतात. तिथं अजून सगळी माणसंसुद्धा आलेली नसतात.

काळी माती (छत्रपती संभाजीनगर)

मी अंबाजोगाईकर सरांच्या बाजूनं. अभ्यासिकेत दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्यांना अवांतर वाचनाला रात्रीचा थोडाच वेळ उरतो. तो न आवडणाऱ्या पुस्तकावर घातला तर आवडू शकलं असतं असं दुसरं पुस्तक राहून जातं. याचा हिशोब कुणी करत नाही.

‘इतकी वाचलीय तर आता पूर्ण करतो’ या विचाराचा मानसशास्त्रात अभ्यास झालाय. आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काढणाऱ्यांपैकी काहींना, कुणाला द्यायची ते आधी न ठरवता, सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं तीच होती. फरक फक्त खिशातून किती गेले याचा. तीनशे पानं वाचून झाली म्हणून पुढची तीनशे वाचणारा माणूस हेच करतोय. झालेली तीनशे पानं परत येणार नाहीत. पुढची हवीत का, एवढंच बघायचं.

गोदाकाठ (नांदेड)

काळी माती, बाळा, प्रयोग चांगला सांगितलास, पण तो इथं लागू पडत नाही. नाटकाच्या तिकिटाचे पैसे खर्च होऊन जातात. वाचलेली तीनशे पानं खर्च होत नाहीत, ती डोक्यात असतात आणि पुढचं पान त्यांच्याच जिवावर उभं असतं. चारशेव्या पानावर एखादं नाव नुसतं येतं आणि आपल्याला गलबलून येतं, ते मागच्या पानांमुळंच. पहिल्या शंभर पानांवरून असल्या कादंबरीचा निकाल देता येत नाही तो यासाठी.

इटालियन लेखक उम्बेर्तो एकोंची ‘द नेम ऑफ द रोज’ १९८० साली आली. मध्ययुगीन मठातली सात दिवसांची गोष्ट. छापण्यापूर्वी ज्यांनी वाचली त्या प्रकाशनातल्या मंडळींनी सुचवलं की पहिली शंभर पानं फार अवघड आहेत, कमी करा. एकोंनी नकार दिला. पुढं त्यांनी लिहून ठेवलंय की ज्याला मठात सात दिवस राहायचंय त्यानं मठाची चाल स्वीकारलीच पाहिजे, ती जमत नसेल तर पुस्तक त्याच्या हाती लागणार नाही. ती शंभर पानं म्हणजे त्यांनी वाचकाकडून करून घेतलेली तयारी होती. आणि हे पुस्तक जगभर खपलं, हेही लक्षात घ्या.

मी ‘हिंदू’ निवृत्तीनंतर वाचली. सुरुवातीला मलाही चाल जमेना. पण नेमाडे काही वर्षं औरंगाबादला विद्यापीठात होते, त्यांचं बोलणं ऐकलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. ती सांगत, हा माणूस बोलतानाही एका गोष्टीतून दुसरीत शिरतो. तो नाद कानात धरून वाचायला लागलो तशी कादंबरी मोकळी झाली.

अंबाजोगाईकर

गोदाकाठ काका, एकोंचा दाखला जोरदार आहे, पण त्यातली अर्धी गोष्ट तुम्ही सोडली. त्या मठात खून होत होते. अवघड शंभर पानांच्या तळाशी ‘कुणी मारलं’ हा प्रश्न पहिल्यापासून होता. वाचकाला दम धरायला सांगताना एकोंनी त्याच्या हातात काहीतरी दिलेलं होतं. जो लेखक काहीच देत नाही आणि दम मात्र मागतो, त्याचं काय करायचं?

आपल्याकडचंच बघा. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः छापली, १८९० पासून. तीही मोठी, तीही सावकाश जाणारी. पण दर आठवड्याला वाचकानं पुन्हा अंक उघडावा, ही जबाबदारी हरिभाऊंनी स्वतःवर घेतली होती. आज सगळी जबाबदारी वाचकावर टाकायची आणि तो थांबला की त्याला उथळ म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

संथपणा दोन तऱ्हांचा असतो. एक भरल्यामुळं आलेला, एक लेखकानं हात आखडला नाही म्हणून आलेला. वरून दोन्ही सारखेच दिसतात. मी मधलं कुठलंही पान उघडून एक परिच्छेद मोठ्यानं वाचतो. ज्यात नव्यानं काही दिसतं, ऐकू येतं, ते पुस्तक मी कितीही वेळ लागला तरी सोडत नाही. ज्यात आधीच्या पानावर कळलेलंच पुन्हा फिरवून सांगितलेलं असतं, ते ठेवून देतो. ‘हिंदू’ या परीक्षेत माझ्यापुरती उत्तीर्ण झाली. दुसऱ्याच्या कानाला तेच पान मुकं वाटलं तर त्याला मी खोटं कसं पाडू?

पूर्णाकाठ (जि. परभणी)

आपटेंची वाचणारी माणसं आठवडाभर त्या एका प्रकरणावर बोलत असतील सर. घरात, ओसरीवर. तुम्ही म्हणता हरिभाऊंनी वाचक धरून ठेवला. मी म्हणतो, आठवड्याच्या अंतरानं धरून ठेवला. मोठी कादंबरी एका दमात संपवायचा हट्ट आपण करतो, म्हणून ती छातीवर बसते. थोडी थोडी वाचा, वर्ष लागू द्या. सोडणं आणि बाजूला ठेवणं यात लई फरक आहे, आणि तुम्ही दोन्हीला एकच अधिकार म्हणायलात.

ग्रंथपाल ताई, बायांच्या वेळेचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मांजराकाठ (लातूर)

तुम्ही सगळे एकट्यानं, मनातल्या मनात वाचण्याबद्दल बोलताय. आमच्या घरात ‘हिंदू’ वेगळ्या तऱ्हेनं चाललीय. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी वाचते नि त्या ऐकतात. मी मुकाट वाचलेली तेव्हा मला अडखळायला व्हायचं, कोण कुणाचा कोण ते विसरायचं. त्यांना नाती एकदा सांगितली की पाठ. ‘थांब, ही मघाचीच का, नवऱ्यानं टाकलेली?’ असं त्याच मला अडवतात. मग त्यांच्या माहेरच्या कुण्या चुलत्याची गोष्ट निघते, अर्धं पान वाचून होतं नि झोपायची वेळ होते.

त्यामुळं अंबाजोगाईकर सर, तुमचा अधिकार मला मान्य आहे, पण तुमच्या मंडळानं तो फार लवकर वापरला असं वाटतं. यातली बरीचशी पानं कानानं घ्यायची आहेत. बैठकीत नुसतं ‘कुठवर आलं?’ विचारण्यापेक्षा एकेकानं वाचून दाखवा. अडकलेल्यांनाही मधूनच सामील होता येईल. त्यानंतरही कुणाला नकोसं वाटलं तर खुशाल सोडू द्या.

अंबाजोगाईकर

वहिनी, हे करून बघण्यासारखं आहे. पुढच्या बैठकीला वाचून दाखवायची पानं मी काढून ठेवतो, खंडेराव गावाकडं निघतो तिथपासूनची. पण एक अट घालणार. कुणी किती वाचली हे कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि ज्यांनी ठेवून दिली त्यांना तिथंच दुसरं पुस्तक घ्यायची मुभा राहील. ‘अजून थोडं वाच, पुढं छान आहे’ असं सांगून मी आजवर बऱ्याच जणांना वाचनापासूनच दूर गेलेलं बघितलंय, ते मला इथं व्हायला नको.

पूर्णाकाठ (जि. परभणी)

अट मान्य, पहिली अर्धीच. किती वाचली ते नाही विचारणार. कुठल्या पानावर नि कशामुळं ठेवली, हे मात्र विचारणारच. गव्हाची शेवटची पाळी झाली की येतो अंबाजोगाईला.