न्यायालयाच्या सफाईचे कंत्राट चालू असताना किमान वेतन वाढले, वाढीव रक्कम कोणी सोसायची?

प्रश्न : नाझर शाखेतून

नमस्कार. मी राज्यातील एका जिल्हा न्यायालयाच्या नाझर शाखेत (इमारत, खरेदी व देयके पाहणाऱ्या शाखेत) सहायक अधीक्षक आहे. आमच्या इमारतीच्या साफसफाईचे एक वर्षाचे कंत्राट ई-निविदा काढून दिले असून ते जानेवारीत सुरू झाले. दर 'दरमहा एकूण रक्कम' अशा एकाच आकड्यात मागवला होता आणि 'मुदतीत कोणत्याही कारणास्तव दरवाढ मिळणार नाही' अशी अट होती. जुलैमध्ये किमान वेतनातील विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) वाढला. त्यानंतर कंत्राटदाराने अर्ज दिला, की वाढीव दर मंजूर करावा, अन्यथा कामगारांना जुन्याच दराने वेतन दिले जाईल. वाढ दिली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप ठरलेला, न दिली तर न्यायालयाच्याच आवारात किमान वेतनाच्या कायद्याचा भंग. शिवाय संकोचाने सांगतो, की करारनाम्यावर प्रबंधकांची सही फक्त पदनामाने आहे, राज्यपालांच्या नावाचा उल्लेख कोठेही नाही. मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त लेखाधिकारी

अट इतकी स्पष्ट असताना वाढ देऊ नये, असे माझे मत आहे. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असते, आणि बाकीच्या निविदाकारांनी ती जोखीम धरूनच दर भरलेले असणार. आता वाढ दिली, तर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला माणूस 'मग माझे काय चुकले' असे विचारेल आणि त्याला द्यायला आपल्याकडे उत्तर नसेल.

कामगारांचे वेतन हा मात्र वेगळा विषय आहे. कंत्राटदाराने ते थकवले किंवा कमी दिले, तर मुख्य नियोक्ता (ज्याच्यासाठी काम चालते तो) म्हणून ते भागवण्याची जबाबदारी आपल्या कार्यालयावर येते आणि ती रक्कम त्याच्या देयकातून वसूल करता येते. हे त्याला आजच लेखी कळवावे. देयक पारित करण्यापूर्वी हजेरीपत्रक, कामगारांच्या बँक खात्यांत वेतन जमा झाल्याचा तक्ता आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चलनासोबतची नावांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. चलन खरे, पण यादी दुसऱ्याच इमारतीवरील कामगारांची, असा प्रकार मी नोकरीत दोनदा पकडला आहे. जाता जाता, सेवा करपात्र असून करारमूल्य अडीच लाखांवर असेल, तर जीएसटीची २ टक्के उगम कपातही (देयक देतानाच करायची करकपात) तपासून घ्यावी.

उत्तर २ : दिवाणी बाजूचा वकील

लेखाधिकारी साहेबांशी सहमत आहे. खर्च वाढला एवढ्या कारणाने करार संपुष्टात येत नाही किंवा जादा दर मागण्याचा हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये अलोपी प्रसाद प्रकरणात सांगितले आहे. तेथे वाद सैन्याला पुरवायच्या तुपाचा होता आणि युद्धामुळे परिस्थिती पार बदलली होती. आपला विशेष भत्ता तर तारीख सांगून वाढतो.

सहीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार शासनाचा करार राज्यपालांच्या नावे व्यक्त झालेला आणि प्राधिकृत अधिकाऱ्याने त्यांच्या वतीने केलेला असावा लागतो. तसे नसेल तर तो करार म्हणून शासनाविरुद्ध बजावता येत नाही, आणि शासनालाही त्यावर विसंबता येत नाही. म्हणजे 'दरवाढ नाही' या ज्या अटीवर आपण उभे आहोत, तिचाच पाया डळमळीत होतो. काम करून घेतले असल्यामुळे करार कायद्याच्या कलम ७० खाली कंत्राटदाराला वाजवी मोबदला मागता येईल (१९६२ चा बी. के. मंडल निवाडा पाहावा), आणि वाजवी म्हणजे किती, या प्रश्नात नवे किमान वेतन मागच्या दाराने आत येऊ शकते. तेव्हा जिल्हा सरकारी वकिलांचे मत घेऊन योग्य नमुन्यातील करारनामा उरलेल्या मुदतीसाठी तातडीने करून घ्यावा.

लवादाचे कलम असल्यास तेही तपासावे. वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे, त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निवाड्यापासून स्पष्ट आहे. न्यायालय स्वतःच पक्षकार असताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण दावा लागला तर तो त्याच इमारतीत येण्याची शक्यता असते आणि मग दावा दुसरीकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे अर्ज आलाच.

उत्तर ३ : दुसऱ्या जिल्ह्यातील नाझर

पुढच्या निविदेबद्दल लिहितो, कारण चूक तेथेच झाली आहे. आम्ही वेतन, भविष्यनिर्वाह निधी व विमा यांची रक्कम प्रत्यक्ष हजेरीनुसार आणि त्या त्या वेळच्या अधिसूचित दराने देतो, निविदाकारांची स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर (कंत्राटदाराच्या स्वतःच्या मोबदल्यावर) होते. यातही खोट आहे. एकाने जवळजवळ शून्य शुल्क भरले आणि पुढे कामगारांकडून दरमहा रोख परत घेऊ लागला. तेव्हापासून अवास्तव कमी शुल्काचे लेखी स्पष्टीकरण मागतो आणि महिन्यातून एकदा कामगारांशी कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला बाहेर थांबवून बोलतो.

कामाच्या व्याप्तीत मुद्देमाल कक्ष आणि अभिलेख कक्ष स्वतंत्र लिहावेत. मुद्देमाल कक्षात झाडू आमचा शिपाईच मारतो. अभिलेख कक्षात कंत्राटी कामगार जातात, पण लिपिक हजर असतानाच, आणि जमिनीवरचा कागद, मग तो कितीही फाटका असो, कचऱ्यात न टाकता टेबलावर ठेवायचा, अशी अट आहे. बस्त्यातून निसटलेले एक वकीलपत्र एकदा कचऱ्याच्या डब्यात सापडल्यावर ती घातली.

प्रश्नकर्ता : नाझर शाखेतून

सर्वांचे आभार. आज याद्या ताडून पाहिल्या. हजेरीपत्रकावर १४ नावे आहेत आणि चलनाच्या यादीत त्यांपैकी ९ सापडली. जुलैचे देयक त्रुटी नोंदवून परत केले आहे. करारनाम्याबाबतची टिपणी प्रबंधकांमार्फत मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे सादर केली असून कंत्राटदाराचा अर्जही तिच्यासोबत जोडला आहे.