कासव पाण्यात सोडायचं नाही म्हणे, मग करायचं काय?

दिवाळेकर_काका:
रात्री साडेनऊला बोस्टनच्या पुतणीचा व्हिडिओ कॉल. तिकडच्याच केप कॉडच्या किनाऱ्यावर ताटलीएवढं कासव, दगडासारखं निपचित. मी इथून ओरडलो, "अगो, उचल नि टाक पाण्यात!" आमचा जन्म दिवाळे कोळीवाड्यातला. जाळ्यात कासव आलं की आजोबा कुंकू लावून सोडायचे, तेच डोक्यात. पोरीनं ऐकलं नाही. भरतीच्या रेषेच्या वर सरकवलं, सुकं शेवाळ पांघरलं, तिथल्या कासवं वाचवणाऱ्यांना फोन केला नि राखण करत बसली. वर मलाच म्हणते, "काका, सोडलं तर मरेल." कासवाला पाणी वर्ज्य कधीपासून?

घोडबंदरकर:
पुतणी बरोबर आहे. ती बहुतेक केम्प्स रिडले जातीची लहान कासवं. उन्हाळ्यात तिकडे खेकडे खायला जातात. थंडीत दक्षिणेला निघतात, पण केप कॉडचं भूशिर गळाच्या आकड्यासारखं वळलेलं, जिकडे पोहावं तिकडे जमीन आडवी. तेवढ्यात पाणी १० अंशांच्या खाली जातं. अंग गारठलं की पोहता येत नाही, नुसतं तरंगतं, वारा किनाऱ्यावर आणून टाकतो. तुम्ही त्याच पाण्यात परत ढकलणार होतात! २०१४ च्या हिवाळ्यात अशी हजाराहून जास्त आली होती.

दिवाळेकर_काका:
बरं, चुकलो. मग घरी नेऊन हीटरपुढे?

घोडबंदरकर:
अजिबात नको. दवाखान्यात रोज साधारण ३ अंश, असं चार-पाच दिवस ऊब वाढवतात. एकदम तापवलं तर दगावेल. आणि मेलेलं वाटलं तरी मेलं म्हणायचं नाही, कधीकधी तासांनी हलतं.

ऐरोली_खाडीकाठ:
लेदरबॅक या अवाढव्य समुद्री कासवाची गोष्ट वेगळी. ते जेलीफिशमागे थंड समुद्रात मुद्दाम जातं. १९८८ मध्ये वेल्समध्ये हार्लेकला एक मेलेलं वाहून आलं, ९०० किलोच्या वर! एवढ्या धुडात ऊब टिकते. शिवाय वल्ह्यासारख्या पायांत जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला तापवतं.
काका, आजोबा चुकले नव्हते. जाळ्यातलं धडधाकट कासव सोडायचंच. त्यासाठी जाळं कापलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, फोटो मात्र लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं वाहून येतात, थकलेली, तुटक्या जाळ्यानं पाय कापलेली. ती ढकलू नका. १९२६ ला फोन करा, वनखात्याचा आहे.

दिवाळेकर_काका:
हात चिखलात असताना फोटो कोण काढणार, ते सोडा. त्या कासवाच्या पाठीवर नंबर लिहून नेलं म्हणे. पुतणीला लगेच फोन लावला असता, पण तिकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत.