फ्लोरिडाला जून नको, थंडीत जा
इथे कुणीतरी जूनमध्ये एव्हरग्लेड्सला (फ्लोरिडातलं दलदलीचं नॅशनल पार्क) जायचं म्हणतंय, तर माझं ऐका, डिसेंबर ते एप्रिल जा, पावसाळ्यात डास अक्षरशः फोडून काढतात आणि पाणी सगळीकडे पसरल्यामुळे प्राणीही पांगतात, कोरड्या दिवसांत मात्र उरलेल्या डबक्यांभोवती मगरी नि बगळे एकत्र दिसतात. अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही प्रकारच्या मगरी तिथे आहेत, रुंद तोंडाची ती अ‍ॅलिगेटर. याच पार्कातल्या शार्क व्हॅलीचा १५ मैलांचा लूप सायकलवर भारी (शार्क नाहीयेत हो तिथे!). पार्कातल्याच रॉयल पाम भागात मात्र गाडी झाका, गिधाडं वायपरचं रबर खातात, खरंच! आणि मॅनेटी (समुद्रगाई) बघायचे असतील तर थंडीतच फ्लोरिडातल्या ब्लू स्प्रिंग या झऱ्याच्या पार्कला जा, झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण २२ अंश म्हणून ऊबेला येतात बिचारे.