चरबी उतरवताना स्नायू वाढतात का?

प्रश्न: वजन ८० किलो, पोट सुटलेलं. जिम नुकतीच सुरू केलीय. आधी वजन उतरवू की दोन्ही एकदम जमेल?

उत्तर १: नवशिक्यांना दोन्ही जमतं. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरीच कमी खा. एकदम १००० तोडल्या की ताकद घसरते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रथिनं किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज साधारण १३० ते १७५. तीन-चार जेवणांत वाटून.

उत्तर २: नुसत्या आहाराने भागणार नाही. प्रत्येक स्नायूगट आठवड्यातून दोनदा: स्क्वॅट (वजन घेऊन उठबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं), रोइंग (वजन पोटाकडे ओढणं). ८ ते १२ रेप्सचे ३ सेट (रेप म्हणजे एकदा उचलणं, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्स), आणखी एक-दोन रेप्स जमतील इतका दम राखून. तिन्ही सेटमध्ये १२ जमल्या की अडीच किलो वाढवा. घाम काढायला हलकी वजनं भराभर मारणं ही सगळ्यात मोठी चूक. त्याने स्नायूंवर पुरेसा ताणच येत नाही.

प्रश्नकर्ता: आणि वजनकाटा हललाच नाही तर?

उत्तर १: दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. कंबर घटतेय, उचलायचं वजन वाढतंय? मग काहीही बदलू नका. महिनाभर दोन्ही अडलं, तर आधी झोप आणि खाण्याची मोजदाद तपासा. तेल बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात.