जत्रेचे पाच दिवस गावात मासळी-चिकन बंद: या ठरावाला मी अनुमोदन द्यावं का?

भजनी_फोंडा:

नमस्कार. येत्या रविवारी गोव्यातल्या आमच्या पंचायतीची ग्रामसभा आहे. देवीच्या जत्रेचे पाच दिवस गावच्या हद्दीत मासळी, चिकन, मटण विकायला बंदी घालावी, आणि जो विकेल त्याच्या दुकानाचा परवाना पंचायतीनं पुढच्या वर्षी नवा करून देऊ नये, असा ठराव त्यात येणार आहे. ठराव मांडणारी मुलं माझ्याच वाड्यावरची आहेत. मी महिला भजनी मंडळात आहे, बायका माझं ऐकतील असं त्यांना वाटतं, म्हणून अनुमोदक म्हणून माझी सही हवी आहे. कागद घरी ठेवून गेलीत.

मी सोमवार पाळते, सगळा श्रावण पाळते. जत्रेच्या दिवसांत आमच्या घरात सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी असतं आणि हुमणाची, म्हणजे मासळीच्या कालवणाची भांडी वर माळ्यावर जातात. सासूबाईंच्या काळी मासळीची चूल मागच्या पडवीत वेगळी होती. सासरे मासळीशिवाय जेवत नसत, आणि सासूबाई एकादशीला घोटभर पाणीही विचार करून घेत. दोघांनी एकाच घरात जन्म काढला. सासूबाईंनी कधी त्यांचं ताट अडवलं नाही, आणि सासऱ्यांनी त्यांच्या उपासाची चेष्टा केली नाही. व्रत कसं करायचं ते मी त्या घरात शिकले.

म्हणून हा कागद हातात घेतल्यापासून मला चैन नाही. आमची कुलदेवता म्हाळसा. तिचं मूळ स्थान वेर्णे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं मोडली तेव्हा तिला नदीपलीकडे म्हार्दोळला आणावं लागलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. ही हकिकत आम्ही मुलांना अभिमानानं सांगतो. पण मागे राहून ज्यांनी धर्म बदलला त्यांचं पुढे काय झालं, ते फारसं सांगत नाही. १७३६ साली इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं फर्मान काढलं. नवख्रिस्ती घरांत बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, दारात तुळस लावायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. भातात मीठ घातलं की नाही हा सरकारी चौकशीचा विषय झाला! १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर हे इन्क्विझिशन आपल्या भूमीवर होतं.

आमची मुलं तशी नाहीत. पालखी खांद्यावर घेणारी, रात्रभर जागणारी गुणी मुलं आहेत, आणि त्यांची तुलना त्या लोकांशी कुणी केली तर मला राग येईल. पण माझ्या देवीच्या नावानं दुसऱ्याच्या पोटावर पंचायतीचा शिक्का उठणार, आणि त्या कागदावर माझी सही असणार, हे मला सोसत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असा ठराव करायचा अधिकार पंचायतीला आहे का? आणि मी सही केली नाही तर तो देवीचा अनादर होतो का? मनापासून विचारते आहे.

महाजन_६२:

ताई, तुमची तळमळ समजली. तरीही माझं मत आहे की सही करा. मी एका देवस्थानचा महाजन, म्हणजे कारभारात वंशपरंपरेनं हक्क असलेला आहे. पालखी बाजाराच्या रस्त्यानं जाते, खांदेकरी अनवाणी असतात, आणि रस्त्यावर मासळीचं पाणी वाहत असतं. दरवर्षी विनंती करतो, दरवर्षी चार दुकानं ऐकतात आणि दोन ऐकत नाहीत.

दुसरं म्हणजे, गावाला स्वतःची रीत असू नये का? मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली, किनाऱ्यावर पहाटेपर्यंत संगीत चालतं, आणि प्रत्येक वेळी आपल्याला ऐकवतात की हे लोकांचं स्वातंत्र्य आहे. वर्षातले पाच दिवस गावानं एकत्र येऊन संयम पाळला तर तेवढ्यात कुणाचं स्वातंत्र्य बुडतं? जैनांच्या पर्युषणाचे नऊ दिवस अहमदाबादचे कत्तलखाने बंद ठेवण्याचा महापालिकेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये योग्य ठरवला आहे. तिथे नऊ दिवस चालतात, तर इथे पाच का नकोत?

निवृत्त_रजिस्टर:

ताई, मी दिवाणी निबंधक कार्यालयात, म्हणजे लग्नाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सह्या होतात तिथे, सगळी नोकरी काढली. अधिकाराचं थोडक्यात सांगतो. ग्रामसभा ठराव करू शकते, पण परवाना नाकारायला कायद्यात बसणारं कारण लागतं: स्वच्छता, आरोग्य, बेकायदा बांधकाम. ‘देवीच्या दिवसांत विकलं’ हे कारण लिहून परवाना अडवला तर अपिलात ते टिकवणं पंचायतीला जड जाईल.

महाजनसाहेबांनी सांगितलेला निकाल खरा आहे. पण बंदी थोड्या दिवसांची आहे म्हणून तो मान्य झाला होता, आणि माणूस काय खातो ही त्याची खाजगी बाब आहे, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये महाराष्ट्रातली गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, तेही याच खाजगीपणाच्या आधारावर.

आता मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. धर्माचा नियम सरकारी कायद्यात घातला की काय होतं ते गोव्यानं पाहिलेलं आहे. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि १९१० मध्ये प्रजासत्ताकानं घटस्फोटाचा कायदा केला. तो गोव्यातही लागू झाला. मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला, आणि त्याच्या मागोमाग १९४६ चं डिक्री, म्हणजे सरकारी फर्मान आपल्याकडे आलं. चर्चमध्ये लग्न केलं म्हणजे नवराबायकोनं घटस्फोटाचा हक्क आपणहून सोडला, असं त्यात धरलं होतं. पोर्तुगालनं स्वतःच्या देशातली ही अट १९७५ मध्ये काढली. तोपर्यंत गोवा मुक्त होऊन चौदा वर्षं झाली होती, जुने कायदे १९६२ च्या कायद्यानं जसेच्या तसे पुढे चालू ठेवले होते, त्यामुळे तिकडच्या सुधारणेचा इकडे काही उपयोग नव्हता.

सत्तरच्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा अशा बाया खिडकीशी येऊन विचारायच्या. नवरा बोटीवर गेला तो परतला नाही, किंवा दुसरीकडे घर करून बसला. त्यांचे वकील त्यांना हेच कलम दाखवायचे. जी बाई मनापासून चर्चचा नियम मानायची, तिला या कायद्याची गरजच नव्हती. ती तशीही घटस्फोट घेणार नव्हती. कायद्याचा सगळा भार पडायचा तो जिला नियम पटत नव्हता किंवा झेपत नव्हता तिच्यावर.

आपल्या हिंदूंचंही सांगतो. १८८० च्या हिंदू रीतिरिवाजांच्या संहितेत, बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा होती. ‘हिंदूंची रीत’ म्हणून ते छापलं गेलं. रीत कुणाची, हे बायकांना कुणी विचारलं होतं?

वाळपई_चिकन_सेंटर:

माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, म्हणून इथे वाचत असतो. दुकान दुसऱ्या गावात आहे, पण प्रश्न माझाच आहे. आमच्याकडे पालखी दारावरून जाते त्या दिवशी मी शटर उघडत नाही. वडीलही उघडत नसत. आदल्या रात्री दुकानासमोरचा रस्ता धुऊन काढतो. देवस्थानची माणसं प्रसाद घेऊन येतात, आई तो डोळ्यांना लावते.

पाच दिवस सक्तीनं बंद म्हणजे काय ते सांगतो. पिंजऱ्यातले पक्षी पाच दिवस खाद्य खातात आणि उकाड्यात मरतात. गाडीवाल्याचे पैसे थांबत नाहीत, कामाला दोन पोरं आहेत त्यांचा रोज थांबत नाही. तेही सोसेन. पण एकदा ठराव झाला की बंद आहे ना हे बघायला कोण येणार? पंचायतीचा शिपाई येणार नाही, रात्री मोटरसायकलवरून चार पोरं येतील आणि फ्रीज उघडून दाखव म्हणतील. जानेवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या बीफ विक्रेत्यांनी धंदा बंद ठेवला होता, तो अशाच अडवाअडवीला कंटाळून. कागदपत्रं असूनही गाड्या अडवल्या जात होत्या. मला भीती ठरावाची नाही, ठरावाच्या नावानं येणाऱ्या माणसांची आहे.

कुटबण_जेटी:

महाजनकाका, आमचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आम्हाला समुद्रात जाता येत नाही. सरकारी बंदी. खलाशी गावी जातात, बँकेचा हप्ता थांबत नाही. पण ती बंदी आम्ही मानतो, कारण त्या दिवसांत मासळी अंडी घालते, हे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान कुणालाही जाळं ओढून बघता येतं. बंदी उठते न उठते तोच श्रावण येतो, आणि आमच्याच घरात आई महिनाभर मासळी खात नाही. तो तिचा आणि देवाचा व्यवहार. सरकारनं उद्या श्रावणातही बंदी घातली, तर कारण काय सांगणार? ‘यांच्या आईचं व्रत आहे’ असं?

पालखीच्या वाटेवरच्या घाणीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. त्याला देव लागत नाही, गटार लागतं.

महाजन_६२:

गटाराचं मान्य. पण नुसत्या विनंतीला लोक मान देत नाहीत, हा माझा अनुभव आहे आणि तो तुमच्या कुणाच्या युक्तिवादानं बदलत नाही. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतधारी भक्त, दरवर्षी व्रत पाळतात, तशी निष्ठा गावोगावी उरली असती तर ठरावाची वेळच आली नसती.

भजनी_फोंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. महाजनदादा, धोंडांचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. माझा मावसभाऊ धोंड आहे. शिवराक खातो, घरापासून दूर बाकीच्या धोंडांबरोबर राहतो, आणि जत्रेच्या पहाटे निखाऱ्यांवरून जातो. शेजारी त्या दिवसांत बांगडे तळत असतात आणि वास याच्यापर्यंत येतो. त्यानं कधी त्यांना खिडकी लावा म्हटलेलं नाही. तुमच्या गावात दोन दुकानं ऐकत नाहीत, तर त्या दोघांकडे देवस्थानचं कुणी वडीलधारं माणूस घरी जाऊन बसलंय का? आमच्याकडे नुसता फलक लावतात. फलकाला कोण मान देणार?

मी सही करणार नाही. मुलांना आज संध्याकाळी घरी बोलावलं आहे, कागद त्यांच्या हातात परत देऊन कारण तोंडावर सांगणार आहे. ग्रामसभेत मी दुसरा ठराव मांडेन: पालखीच्या वाटेवर उघडं गटार आहे ते जत्रेआधी झाकावं, मासळीच्या बाजाराला नळाचं पाणी आणि ओटे द्यावेत, आणि हे बारा महिने चालावं. बार, गाडे, खाजं विकणारे मिठाईवाले सगळ्यांना स्वच्छतेचा एकच नियम. बंद ठेवायची विनंती देवस्थान समितीनं स्वतःच्या नावानं करावी, पंचायतीच्या शिक्क्यानं नको. भजनी मंडळातल्या आम्ही चौघीजणी दुकानांवर जाऊन बोलायला तयार आहोत.

निवृत्त_रजिस्टर काका, ठरावाची भाषा कशी असावी ते लिहून द्याल का? आणि आयत्या वेळी मांडला तर चालेल का?

निवृत्त_रजिस्टर:

आयत्या वेळी मांडू नका. उद्याच पंचायत सचिवाकडे लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ठरावात सर्व्हे नंबर किंवा निदान कुठून कुठपर्यंतचा रस्ता ते लिहा, नाहीतर ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणून गुंडाळून ठेवतील. आणि मुलांचा ठराव मताला आला तर तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला सांगा. मसुदा रात्रीपर्यंत इथेच टाकतो.