राज्यशास्त्राच्या वाचनाची सुरुवात प्लेटोपासून करावी का?

मूळ मत

राज्यशास्त्र नव्याने वाचू इच्छिणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम प्लेटोचे ‘रिपब्लिक’ देण्याचा प्रघात मला चुकीचा वाटतो. पन्नास पाने झाली तरी न्याय म्हणजे काय, यावरचा संवाद सुरूच असतो आणि वाचक पुस्तक मिटून ठेवतो. त्याऐवजी निवडणूक पद्धतीपासून सुरुवात करावी. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण ९२ जागांपैकी अवघ्या २ त्याच्या पदरात पडल्या. असे का घडले हे शोधू लागले की एका मतदारसंघातून सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडण्याची पद्धत समजते, ती दोनच पक्षांना बळ देते हा फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युव्हर्जे यांचा १९५१ मधील सिद्धान्त समजतो आणि १९९३ च्या सार्वमताने त्या देशाने ही पद्धत का टाकून दिली, तेही उलगडते.

प्रतिसाद

मी असहमत आहे. मते आणि जागा यांचे प्रमाण बिघडले म्हणजे अन्याय झाला, हे आपण गृहीतच धरले आहे; पण स्थिर सरकार अधिक मोलाचे की प्रत्येक मताला समान वजन, याचा निवाडा आकडे करून देत नाहीत. प्लेटो जड जात असेल तर इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मधले (१६५१) तेरावे प्रकरण तेवढे वाचावे. कायदा आणि अंमलदार असूनही माणूस झोपताना दार लावून घेतो, घरातल्या घरात पेटीला कुलूप घालतो. मग सहनागरिकांविषयी, स्वतःच्या मुलांविषयी आणि नोकरांविषयी त्याचे मत काय समजायचे, असे हॉब्ज विचारतो. हा प्रश्न समजायला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

गृहीतकाचा आक्षेप मला मान्य आहे. कुलपाचा दाखलाही प्रभावी आहे, आणि नेमकी तीच माझी अडचण आहे: पडताळून पाहायला हाताशी काहीच नसलेला वाचक त्याने लगेच जिंकला जातो. प्राचीनांपासूनच सुरुवात करायची असेल तर मी ‘अथेन्सची राज्यघटना’ सुचवेन. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत १५८ राज्यघटनांची वर्णने गोळा केली गेली होती. त्यांपैकी हे एक इजिप्तमधील पपायरसवर सापडले आणि १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात न्यायसभेतील मतदानाच्या ब्राँझच्या चकत्यांचेही वर्णन आहे: प्रत्येकाला दोन, एकीचा दांडा पोकळ, दुसरीचा भरीव, आणि टोके बोटांनी झाकली की कौल कोणाला दिला हे शेजाऱ्यालाही कळत नसे.